दादाच्या मापाची सायकल

माझी रोड सायकल दादाने पसंत केली. त्याआधी माझे बूट आणि माझ्या लग्नातला कोटही त्यानेच आधी घालून पाहिला होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि चार इंचांनी उंच. "मोठ्याला बसलं की धाकट्याला बसतंच," हा आईचा नियम. लहानपणी कपडे दादाकडूनच माझ्याकडे यायचे, म्हणून तो नियम केलेला. मी बावन्न वर्षांचा झालो तरी कोणी रद्द केला नव्हता.

दुकानात दादा सायकलवर बसला, हँडल धरलं, दोन्ही ब्रेक दाबले.

"मस्त आहे. घे."

मी घेतली.

दर रविवारी सकाळी आम्ही वेरूळच्या रस्त्याला लागायचो. मी नव्या सायकलवर, तो त्याच्या जुन्या काळ्या सायकलवर. तो चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, माझी वर्तमानपत्रातली नोकरी संध्याकाळची. आमचं बोलणं व्हायचं ते याच रस्त्यावर. हँडल मला लांब पडायचं. दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालेली असायची. दोन महिने मी ते सांगितलं नाही. दादा चूक मान्य करत नाही, विषय बंद करतो. या विषयाबरोबर रविवारही बंद झाला असता.

एका रविवारी किल्ल्याजवळच्या टपरीवर माझ्या हातून चहाचा ग्लास निसटला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"बोटांना मुंग्या आल्यात."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"आन् आता सांगतोस व्हय?"

कारखान्यात त्याचं काम सुटे भाग मापून पास-नापास करण्याचं होतं. त्याने माझ्या सायकलच्या सीटच्या टोकाला कोपर टेकवून हात पुढे केला. बोटं हँडलला लागली. मग माझा हात तसाच धरून पाहिला. हँडलपर्यंत पोचायला चार बोटं कमी. त्याने पुन्हा मापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मला दाखवून दादाला म्हणाला, "इनको छोटी फ्रेम होना."

लहान सायकल आली. सवयीने दादाच आधी बसला. त्याचे गुडघे हँडलपर्यंत आले.

"लई अवघडल्यासारखं होतंय," तो म्हणाला.

"मी बसून बघू?"

तो उतरला. मी बसलो. हात न ताणता हँडलवर पोचले, कोपरं जराशी वाकलेली राहिली.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न त्याने मला याआधी विचारल्याचं आठवत नाही.

"बरं वाटतंय."

"मग हीच द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "मोठी राहू द्या आमच्याकडंच."

मोठी आता तो चालवतो. चढावर पुढे निघून जातो, वर थांबतो आणि मी पोचलो की मुंग्या आल्या का, एवढंच विचारतो.