गुणामावशीचं पाणी

समोरच्या दारातल्या गुणामावशी रोज सकाळी माझी पूजा आटोपता आटोपता उंबऱ्यात येऊन उभ्या राहतात. "वैनी, आज काय तिथी?" मी वही उघडून सांगते. माझ्या रोजच्या वहीत पहिली ओळ तिथीची, ही लग्नापासूनची सवय. चतुर्दशी म्हटलं की त्या बोटांची पेरं मोजतात आणि म्हणतात, "म्हंजे साडेधाला गव्हाणला पाणी भरंल." मग आपल्या घरात परततात.

खाडीकाठच्या गव्हाण गावातलं त्यांचं मिठागर जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. तिथे आता रस्ता आहे. पनवेलच्या आमच्या पाचव्या मजल्यावरून खाडीचा थेंबही दिसत नाही. पाणी भरलं काय नि उतरलं काय, कुणाचं काही अडत नाही. म्हातारपणीचा चाळा म्हणून मी हसून सोडून द्यायचे.

या वर्षी मावशींनी गॅस दोनदा चालू ठेवला. एकदा भाजी घेऊन शेजारच्याच इमारतीत चढल्या आणि दुसऱ्याच्या दाराशी किल्ली फिरवत बसल्या. त्यांचा मुलगा भगवान बांधकामाचं सामान पुरवतो, दिवसभर बाहेर. सून मनिषा नोकरीला. भगवान एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "आई, आता बाहेरून कुलूप लावूनच जाणार आम्ही. काही झालं तर?"

मावशी रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी नुसतं विचारलं, "माजं डोकं गेलं का नाय, ते तू ठरवणार?"

"मग कोण ठरवणार?"

"पाणी."

त्यांच्या भाचीचं, चंद्रावतीचं, घर उरणच्या पुढे एका लहान गावात अगदी किनाऱ्यावर आहे. मावशींनीच अट घातली, तिथे चार दिवस जायचं, पाणी कधी उतरणार ते त्यांनी सांगायचं. फोनात बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, तिथी तेवढी माझ्याकडून घ्यायची. बरोबर आलं तर कुलूप नाही. चुकलं तर भगवान म्हणेल तसं. भगवानला वाटलं, बरं झालं, आईला हवापालटही होईल. सोबतीला मी.

आमचे हे म्हणाले, "चार दिवस समुद्रावर तुम्ही दोघी करणार काय?" मी वहीत लिहूनच नेलं होतं. सकाळी वाळूत अनवाणी चालणे. विष्णुसहस्रनाम समुद्राकडे तोंड करून. तुळशीवृंदावनात लावायला शिंपले गोळा करणे. दुपारी झोप. मावशींच्या यादीत एकच गोष्ट होती.

पहिला दिवस सामान बांधण्यात नि प्रवासात गेला. त्या गडबडीत मावशींनी तिथी विचारली नाही, मी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावतीने भाकरी पुढे केली तर मी म्हटलं, "आज उपवास. एकादशी." मी रताळं घेतलं.

मावशींनी लगेच पेरं धरली. त्यांच्या सासऱ्यांनी हे गणित त्यांना सोळाव्या वर्षी शिकवलं होतं. जितकी तिथी तिची पाऊणपट, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेनंतर पुन्हा एकपासून. भरतीपुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. त्या मोजायच्या नि त्यांचे यजमान काळूराम त्या वेळेला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडायचे, खारं पाणी आत घ्यायचे. चुकीच्या वेळी पाणी आत आलं तर पिकलेलं मीठ विरघळून जायचं. "तीस वर्सांत आमचं मीठ पाण्यानं एकदा पन नाय नेलं," त्या म्हणाल्या. चंद्रावती मला हळूच म्हणाली, "खरं हाय वैनी. सगली गव्हाण आत्येला इचारायची."

"एकादशीला सव्वाआठ," मावशी म्हणाल्या. "नि वर सा तास. सव्वादोनला तो खडक उघडा पडंल."

किनाऱ्यासमोर पाण्यात एक काळा खडक होता, कासवाच्या पाठीसारखा. ओहोटीच्या अगदी तळालाच तो पूर्ण उघडा पडतो, असं चंद्रावतीने सांगितलं.

दोनला आम्ही वाळूत जाऊन बसलो. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं, एक कुत्रं तेवढं सावलीत झोपलेलं. मी जपमाळ घेतली. मावशी गुडघ्यांना मिठी मारून खडकाकडे बघत होत्या.

सव्वादोन झाले. पाणी खडकाच्या पाठीवरून सरळ वाहत होतं. अडीच झाले, तरी तसंच.

मावशींनी पुन्हा पेरं मोजली, मग तिसऱ्यांदा. मग हात मांडीवर ठेवून दिला, कुणा दुसऱ्याचा हात असावा तसा.

"चल बाय," त्या म्हणाल्या. "भगवानला सांग, कुलूप आन म्हनावं."

मी नेहमीसारखी वही उघडली. वहीत कॅलेंडरचं त्या महिन्याचं पान घडी करून चिकटवलेलं असतं. सहज नजर गेली आणि मी तशीच बसून राहिले.

आदल्या दिवसाच्या चौकोनात छापलं होतं, स्मार्त एकादशी. आजच्या चौकोनात, भागवत एकादशी. आणि खाली बारीक अक्षरात, द्वादशी, शेजारी तिथीचा आकडा १२.

आमच्या घराण्यात गळ्यात माळ आहे. आम्ही भागवत एकादशी धरतो. कधीकधी ती एक दिवस उशिरा येते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण वहीत मी उपवासाच्या दिवशी नुसतं 'एकादशी' लिहून मोकळी होते. इतक्या वर्षांत त्या ओळीवर कुणाचं काही अवलंबून असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "चूक माझी आहे. आज खरी द्वादशी. एकादशी कालच होती. मी तुम्हाला माझ्या उपवासाची तिथी सांगितली."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. दया म्हणून खोटं बोलतेय का, ते बघत होत्या. मी पान त्यांच्यापुढे धरलं. वाचता येत नाही त्यांना, पण आकडे कळतात. बारावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"बाराला नऊ," त्या पुटपुटल्या. "नऊ नि सा. तीन."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गो बाय, तुजा उपास देवाला चालंल. पान्याला नाय चालत."

आम्ही परत बसलो. मी माळ ओढायची विसरले. पावणेतीनला खडकाच्या कडेला पहिला काळा ओघळ दिसला. मग शेवाळाची पट्टी. पाणी घाईने जात नव्हतं, कुणी वर आणून ठेवलेलं ते हळूच परत नेत असावं तसं जात होतं. तीनला दोन मिनिटं असताना शेवटचं चूळभर पाणी पाठीवरून घसरलं आणि अख्खा खडक उन्हात चकाकत उभा राहिला. चाळीस वर्षं मी तिथी लिहिते, तिच्या नावाने उपाशी राहते. तीच तिथी इतकं पाणी इतक्या लांबवरून ओढून नेते, आणि हे या बाईच्या पेरांना ठाऊक आहे, हे मला आज दिसत होतं. मी हात जोडले. समुद्राला की मावशींना, तेव्हा मलाच कळलं नाही.

मावशी मात्र उठून खडकापर्यंत गेल्या. ओल्या पाठीवर तळवा ठेवला, बैलाला थोपटावं तसं थोपटलं आणि परत आल्या.

संध्याकाळी भगवानचा फोन आला. "काय आई, पाणी काय म्हणतं?"

"तीनला गेलं. तुज्या फोनात बग."

त्याने तिथेच फोनात बघितलं. मग तो म्हणाला, "इथे तीन वाजून चार मिनिटं दाखवतंय."

"ती चार तुज्या फोनाची." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "गॅसचं तू म्हंतोस ते खरं हाय. तो खालचा कॉक मनिषाला बंद करून जाऊ दे. मी सकालचं गार खाईन. पन कुलूप नको."

"नाही लावत," भगवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच अंघोळ करून उपवास सोडला. मावशी नेहमीसारख्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, आज काय तिथी?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुजी नको. छापलेली सांग."