लाल कुठला, ते दादाला ठाऊक होतं

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. राग निवला की मी दादाबद्दल गोडगोड लिहायला लागेन, आणि ते मला नकोय.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ सुधाकर. मुळशीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याला जाऊन सात आठवडे झाले. दुकानातच छातीत कळ आली, पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा पुण्यात, वैमानिक व्हायचे फॉर्म गोळा करत फिरत होतो. मागच्या मंगळवारी माझी मेडिकल झाली. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि विचारलं, "ह्यात आकडा कुठला?" मला आकडा दिसेचना! नुसते ठिपके. दुसरं पान, तिसरं पान... त्यांनी पुस्तक मिटलं. "लाल-हिरव्यात गडबड आहे. जन्मापासूनची. पायलट होता येणार नाही."

घरी आलो, वहिनीला सांगितलं. दादाची बायको ती, मला वाटलं छाती बडवून घेईल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांना ठावं हुतं."

"कवापासनं?"

"त्या विमानाच्या डबड्यापासनं."

ते डबडं म्हणजे छोटा कॉम्प्युटर. वहिनीच्या भावानं दुबईहून आणला, टीव्हीला जोडायचा. त्यात विमान चालवायचा खेळ होता, खराखुरा, धावपट्टी, काटे, उंची, सगळं! पण तो खेळ कॅसेटवर. गाण्यांची असते तशीच कॅसेट, टेपरेकॉर्डरला लावायची, मग कर्कश आवाज करत खेळ कणाकणानं कॉम्प्युटरात जायचा. पाच-सहा मिनिटं, तेही पहिल्या फटक्यात जमलं तर. मुळशीची वीज तर तुम्हाला माहितीये, धरण उशाला आणि बल्ब मिणमिणता. मधेच दिवा लुकलुकला की खेळ मेला, कॅसेट परत पहिल्यापासून. एका उड्डाणासाठी रविवारची अख्खी सकाळ जायची.

आमचं काम वाटलेलं होतं. टेपरेकॉर्डर पलीकडच्या फळीवर, म्हणून दादा टीव्हीकडं पाठ करून टेपच्या हेडचा, म्हणजे कॅसेट वाचणाऱ्या भागाचा, बारका स्क्रू पिळायचा. मी टीव्हीसमोर. स्क्रू बरोबर बसला की पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे यायचे, ते मी ओरडून सांगायचे.

"बाळ्या, कंचे आले?"

"काळे-राखाडी!"

"काळे? लाल म्हन की येड्या."

"तेच ते!"

आम्ही हसायचो. मला वाटायचं टीव्हीच जुना आहे. एकदा मात्र दादा स्क्रू सोडून माझ्याशेजारी येऊन बसला. पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कंचा?" परत, "आन ह्यो?" तीनदा. मग म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे."

महिन्याभरात त्यानं मेहुण्याकडून फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. खेळ कॅसेटवरून फ्लॉपीवर घेतला, आणि काय सांगू, दहा सेकंद! बटण दाबलं की विमान धावपट्टीवर! मी नाचलो, एसटीच्या थांब्यावर जाऊन माणसामाणसाला सांगितलं. दादा म्हणाला, "आता पट्टे बगायला नकोत." मला वाटलं, वेळ वाचावा म्हणून आणला. माझ्यासाठी आणला. माझ्यासाठीच आणला होता म्हणा...

पण पुढचं ऐका. बारावीनंतर मला डिप्लोमाला जागा मिळाली होती, इलेक्ट्रॉनिक्स. मी सोडली. दादाला सांगितलं, मी विमानच चालवणार. त्यानं एवढंच विचारलं, "पक्कं?" मी म्हणालो, पक्कं. दोन वर्षं गेली माझी. त्या "पक्कं?"च्या जागी एक वाक्य बोलला असता तर?

वहिनीला विचारलं, मला का न्हाई सांगितलं? "म्हनायचे, बारावी हू दे, मग सांगतो. मग म्हनायचे, पावसाळा सरू दे. तू ते इमान उडवाय बसला की तुझं त्वांड बगायचे. जीबच रेटली न्हाई त्यांची."

काल वहिनीनं दुकान आवरायला बोलवलं. खणात वायरींची बंडलं होती, चाळीसेक तरी. मी हाताखाली असायचो ना त्याच्या, तर प्रत्येक बंडलाला चिठ्ठी. दादाचं वाकडंतिकडं अक्षर: लाल. हिरवी. तपकिरी. त्याला स्वतःला कशाला लागतायत चिठ्ठ्या? मी तिथंच खाली बसलो. चाळीस चिठ्ठ्या लिहायला, दोऱ्यानं बांधायला वेळ होता ह्या माणसाला. आणि एक वाक्य... मी एक चिठ्ठी तोडायला घेतली, आणि हात थांबला, कारण ती तोडली तर ती वायर कुठली, मला कळणार नाही.

तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? तुमच्या सगळ्यात जवळच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीतरी ठाऊक होतं, आणि तो न सांगताच निघून गेला? मग तुम्ही भांडलात कुणाशी?