आण्णांसाठी काचबंद गाडी

सकाळी वाकडेवाडीहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये वडिलांचा एक फोटो होता, आणि तो कुणाला दाखवायची मला सोय नव्हती. फोटोत आण्णा फटफटीवर बसलेत, डोक्याला टोपी, आणि गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा. पट्ट्याला बाहेरच्या अंगाने खिळे. मेंढरांमागच्या कुत्र्याला घालतात ना, तस्सा. गावच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकला होता आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

आमचं गाव पिंपळवंडी. रस्ता सोडला की ऊस, आणि ऊस म्हटलं की बिबट्या. पूर्वी तो दिसला तर चार दिवस गप्पा चालायच्या. आता संध्याकाळी फटफटीवर झेप घेतो, आणि धरतो ते मानेला. म्हणून पट्टा. मी फोनवर ओरडले तर आण्णा म्हणाले, "अगं, सगळीच घालत्यात आता. बायाबी खुरपायला जाताना घालत्यात. लई हलका हाय."

आई गेल्यापासून ते एकटे. मी एकुलती एक. पुण्याला आणून बघितलं, तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभे. शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, दुसऱ्या आठवड्यात अंधार पडल्यावर, आणि मोटार चालू करायला रानात जावं लागतं. "कांदा काय उद्या पितो म्हणून थांबतोय?" हे त्यांचं म्हणणं. मग मी ठरवलं, आण्णांना गाडी घ्यायची. चार चाकं, डोक्यावर पत्रा, वर होणाऱ्या काचा. माझ्या शिलकीत नवी बसत नव्हती, जुनी बसत होती. त्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवण्यात काढली होती, तेव्हा चालवायची काळजी नव्हती.

राजगुरुनगर मागे पडलं, मंचर आलं. आण्णा तिकडून एसटीने आले होते. स्टँडवर उभे, हातात कापडी पिशवी. मी पिशवीत डोकावले. भाकरी, ठेचा आणि खाली तो पट्टा.

"हा कशाला आणलात?"

"घरी जायला कातरवेळ हुईल की. चल, कुठं हायेत तुझ्या गाड्या?"

हायवेलगत पत्र्याची शेड मारून एकाने जुन्या गाड्या मांडल्या होत्या. ओळीने उभ्या, टायरांना काळं पॉलिश, प्रत्येकीच्या आरशाला लिंबू-मिरची. मी मोबाईलवर बघून बघून शिकून आले होते. फ्रिजवरचं पपईच्या आकाराचं लोहचुंबक पर्समधून काढलं आणि एका लाल गाडीच्या दारावर टेकवलं. चिकटलं. मागच्या दारावर टेकवलं, तर घसरून खाली. म्हणजे आत पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त. पायाखालचं मॅटिंग उचललं, तर खाली सुकलेला गाळ.

"ही पुरात होती काय हो?"

"काय म्याडम! गाळ न्हाई तो, माती हाय. शेतकऱ्याचीच गाडी." गडी हसत हसत म्हणाला. त्याला लाज म्हणून नव्हती. मी भांडायच्या तयारीत, आणि आण्णा पुढे जाऊन उभे.

"लाईट लावा बरं."

भर उन्हात! गड्याने लाईट लावले. आण्णा मागे मागे सरकत गेले, उजेडात हात धरून बघितला, मान हलवली आणि निघाले. इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. मला हसू येईना.

"आण्णा, लाईट काय बघताय दिवसाढवळ्या? बल्ब दुकानात मिळतो."

"बघाया काय पैसं पडत्यात?" म्हणाले, आणि भाकरी काढून बसले.

मंचरहून जीपने नारायणगाव. आंबेगाव तालुका संपून आमचा जुन्नर सुरू होतो, तरी रस्त्याकडेचं काही बदलत नाही. ऊस, टोमॅटोच्या काठ्या, द्राक्षांचे मांडव, आणि मधेच वनखात्याची पाटी: बिबट्यापासून सावध रहा. एके ठिकाणी बांधावर लोखंडी पिंजरा लावला होता. आत शेळी बांधलेली, आणि ती शांतपणे पाला खात होती. जीपमधल्या एकानेही वळून बघितलं नाही. मला मात्र ती शेळी डोळ्यांपुढून जाईना.

नारायणगावात मिसळ खाल्ली. आण्णांनी रस्सा दोनदा मागितला आणि मग, काही विचारलं नसताना, बोलायला लागले. आमच्या शेजारच्या वस्तीवरची शेवंताकाकू गवत आणायला गेली ती परत आली नाही, हे मला फोनवर कळलं होतं. तिला शोधायला आण्णा गेले होते हे मला ठाऊक नव्हतं.

"टार्च व्हती सगळ्यांकडं. पर टार्चचा उजेड कसा असतोय, जिकडं धरंल तिवढंच दिसतंय. बाजूला काय हाय ते कळत न्हाई. तिच्या जवळनं गेलो आमी दोनदा." एवढं बोलून त्यांनी पाव मोडला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर म्हणाले, "खा, गार हुतंय."

मी पाव रश्शात बुडवून तसाच ठेवला.

वारूळवाडीत एका गॅरेजवाल्याकडे व्हॅन होती. उंच, दणकट, आत पोती टाकायला जागा. चुंबक सगळीकडे चिकटलं. गॅरेजवाला बोलायला साधा. "पावणं, गॅसवर चालतीया, खर्चाला कमी," म्हणाला. मला पसंत पडली. काचा मी स्वतः वरखाली करून बघितल्या, चारही.

"लाईट लावा बरं," आण्णा म्हणाले.

या वेळी ते गॅरेजच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीपर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "उजेड पायापशीच पडतोय. लांब जात न्हाई." आणि गॅरेजवाल्याला, "एका जागी चालू ठिवली तर गरम हुती का वो?"

"थोडी हुतीया काका. गाडी हाय, चुलीवरचं भांडं न्हाई. पळवायची!"

आण्णांनी नको म्हटलं. रस्त्यावर येऊन मी तडकलेच. म्हटलं, मी रजा टाकून आलेय, तुम्हाला गाडी घ्यायचीच नसेल तर तसं सांगा, हे लाईटचं खूळ काय लावलंय!  आण्णांनी हात करून जुन्नरची एसटी थांबवली. शिवनेरी दिसायला लागला. किल्ल्याच्या कड्यावर ऊन उतरत होतं. नेहमी मला तो बघून बरं वाटतं, त्या दिवशी नुसताच डोंगर वाटला.

जुन्नरात रशीदभाई राहतात. त्यांचं कापडाचं दुकान, आईची लुगडी तिथूनच यायची. ते गाडी विकणार असल्याचं आण्णांच्या कानावर आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पांढरी छोटी गाडी उभी होती, जुनी पण पुसलेली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर फुलाफुलांची उशी.

"आमच्या हिला दवाखान्यात न्यायला घेतली व्हती," रशीदभाई म्हणाले. "आता कुणाला न्यायाचं? दारात उभी दिसली की जीव तुटतो, राव."

खोड्या त्यांनी स्वतःच सांगितल्या. क्लच जड आहे. एसी नावालाच. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते, ती वर जातच नाही.

"मग नको," मी लगेच म्हटलं. काचांसाठी तर सगळा खटाटोप!

"हुतीया दुरुस्त. सामान मागवावं लागंल," रशीदभाई म्हणाले.

"आन मागं कोन बसतंय?" आण्णा म्हणाले. "रशीदभाई, एका जागी चालू ठिवली तर?"

"दवाखान्याच्या दारात तासतास चालू असायची. ती आत, मी भाईर. गरमीचा काटा जागचा हलायचा न्हाई."

"लाईट लावा बरं."

गल्लीत सावली उतरली होती. उजेड सरळ गेला तो गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर, आणि तिथली दगडांची सांध न सांध दिसली. "रातीचं परतायला लागायचं, म्हणून बल्ब चांगले टाकून घेतलेत," रशीदभाई म्हणाले. आण्णा त्या भिंतीपर्यंत चालत गेले, तिथून वळून गाडीकडे बघितलं, आणि उजेडातून सावकाश परत आले.

"हीच," म्हणाले.

मी बॉनेट उघडलं, चुंबक फिरवलं, चाकं हलवली, गाडीवर कर्ज नाही ना ते तपासलं. इंजिन खरंच छान होतं, एका लयीत चालणारं. व्यवहार चहा गार व्हायच्या आत मिटला आणि नावावर करायच्या कागदांवर सह्या झाल्या. किल्ली देताना रशीदभाईंनी सीटवरची उशी उचलली आणि काखेत धरली. आम्ही वळण घेईपर्यंत ते तसेच उशी घेऊन उभे होते. माझ्या मनात आलं, दुसऱ्याचं दुःख आपण स्वस्तात घेऊन चाललोय.

पण रस्त्याला लागल्यावर मला बरं वाटू लागलं, खोटं कशाला बोलू! आण्णा झोकात चालवत होते. जड क्लचबद्दल तक्रार नाही, गिअरचा खडखडाट नाही. मी पुढे बसून काच वरखाली करत होते. नारायणगाव ओलांडलं, पिंपळवंडीचा फाटा आला, आणि अंधार पडला. घराकडचं वळण आलं. आण्णांनी ते सोडून दिलं.

"कुठे?"

"लाईट आली असंल. मोटार चालू करून जाऊ."

गाडीरस्ता आमच्या रानाच्या अलीकडेच संपतो. मला हे लहानपणापासून माहीत आहे. त्या रस्त्याने मी आईबरोबर डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन गेलेय. तरीही सबंध दिवस, गाडीचा पत्रा न् पत्रा तपासताना, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे बांध, हातभर रुंदीचा. दोन्ही बाजूंना पुरुषाहून उंच ऊस. त्याच्या पार टोकाला विहीर आणि मोटारीची पेटी.

आण्णांनी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, थोडी वाकडी केली, पुन्हा पुढे. उजेड बांधावर सरळ पडेपर्यंत त्यांचं समाधान होईना. मग इंजिन चालूच ठेवून त्यांनी पिशवीतून पट्टा काढला आणि गळ्यात घालून मागून बक्कल लावलं.

"आण्णा, हे आधी का नाही सांगितलंत? गाडी इथवरच येते हे?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?" ते बक्कल चाचपत म्हणाले. "फटफटी बंद केली की तिचा लाईट बंद. टार्च धरली तर हात अडाकतो, एका हातात काठी लागतीया. हा उजेड बघ की, दोन्ही अंगाचा ऊस दिसतोय. मला ह्येच हवं व्हतं, संगे. तू काचा बघत व्हतीस, मी ह्ये बघत व्हतो."

"मी येते बरोबर."

"अजाबात न्हाई. तू बस. मधनंमधनं हारन वाजीव. आन लाईट बंद करू नको."

ते निघाले. मी काच वर केली. पाठमोरे आण्णा, पांढरी टोपी, हातात काठी, मानेभोवती खिळ्यांची टोकं चमकणारी. उसाची पाती हलत होती, ती वाऱ्याने की कशाने, ते मला कसं कळणार? मागच्या डाव्या अर्ध्या काचेतून गार हवा मानेवर येत होती. मागे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी हॉर्न वाजवत राहिले. बांध विहिरीपाशी वळतो. तिथवर टोपी दिसली, पुढे उजेड पोचत नव्हता.

माझ्या बापाला मी असं कधी सोडलं नव्हतं. त्या वेळी मी कुणाकुणाची नावं घेतली ते सांगत नाही. मोटारीचा घरघराट ऐकू आला, पाटात पाणी पडलं, आणि बऱ्याच वेळाने टोपी वळणावर पुन्हा दिसली. आण्णा गाडीत बसले, पट्टा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "रडतीस काय? चांगली गाडी निवडलीस."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. खिडकीतून तोच ऊस, त्याच पाट्या. पिंजऱ्यातली शेळी होती की नव्हती ते मी बघितलंच नाही. आता तिथे बसून हॉर्न कोण वाजवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बापाला अंधारातून बाहेर काढायला गाडी घ्यायला निघाले होते मी. ती गाडी त्यांना अंधारापर्यंत सोडते आणि वाट बघत उभी राहते, बस. तिच्याकडून एवढंच होण्यासारखं आहे, आणि माझ्याकडूनही.

मागच्या काचेचं सामान अजून आलेलं नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात आण्णा बांधाच्या तोंडाशी पोचले की मला फोन लावतात, आणि तो चालूच ठेवून सीटवर टाकून जातात. मी इकडे फोन कानाला लावून गॅलरीत उभी राहते. पलीकडून फक्त इंजिनाचा आवाज येतो. रशीदभाई खोटं बोलले नव्हते, ते एका लयीत चालतं. शेजारीण विचारते, एवढं काय बोलत असता बाई? मी काही बोलत नसते. मग कधीतरी गाडीचं दार लागतं, बक्कल सुटल्याचा आवाज होतो, आणि आण्णा दम खात विचारतात, "संगे, हायेस का गं?"