गोठ्याचं दार आणि माझा लाल डबा

रेल्वे-मॉडेलवाल्या ग्रुपमधल्या मंडळींनो, हवं तेवढं रागवा, पण आधी वाचा.

स्वातंत्र्याआधीचा आपल्याकडचा थर्ड क्लासचा डबा विटकरी लाल होता, हे मी इथे छातीठोकपणे सांगितलं होतं. पुरावा एकच: दोंडाईच्याच्या एका नानांच्या गोठ्याला लावलेलं, तशाच डब्याचं जुनं दार.

आज सकाळी नानांचा फोन आला, दार भंगारात चाललंय. धुळ्याहून बाइक पळवली. पोचलो तर दार टेम्पोत चढत होतं. "थांबा!" म्हणून ओरडलो आणि त्या लाल रंगाचे फोटो काढायला लागलो.

नाना हसले. "रेल्वेना रंग? नही रे भाऊ! बैलेसले लाईसन उरेल गेरू दर पोयाले मी या दारले फासस."

म्हणजे तो लाल रंग पोळ्याला बैलांना लावून उरलेल्या गेरूचा! मी कधी विचारलंच नव्हतं.

ब्लेडने खरवडायला लागलो. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. गेरूच्या थरांखाली, बिजागरीपाशी, चॉकलेटी रंग निघाला.

'चॉकलेटी' असं इथे एकटे सावद्याचे भाऊ म्हणत होते. "पुरावा आणा" म्हणत मीच त्यांना ग्रुपमधून काढलं, रागात नंबरही डिलीट केला.

कुणाकडे आहे का तो?