तारीख जुळली म्हणून

आमच्या मंडळात दोन प्रकारची माणसं आहेत. ज्यांना अवयव मिळाले ती, आणि ज्यांच्या घरातल्या माणसाचे अवयव दिले गेले ती. पहिली मंडळी वर्ष तारखेने मोजतात. ऑपरेशन झालं त्या तारखेला ‘दुसरा वाढदिवस’ करतात, केक कापतात, ग्रुपवर दिवसभर फुगे आणि हात जोडलेली चित्रं येत राहतात. आम्ही दुसरी मंडळी तिथी पाळतो. गुरुजींना बोलावतो, पान वाढतो, कावळा शिवायची वाट बघतो. तारीख आणि तिथी सहसा एका दिवशी येत नाहीत हे बरं आहे, नाहीतर रविवारच्या सभेत एकमेकांच्या तोंडाकडे बघणं अवघड झालं असतं.

मी मात्र मध्यंतरी मुलाचा दिवस तारखेने पाळायला लागले होते. घरात तिथीला यजमान एकटे पाटावर बसायचे आणि मी त्यांना सांगायची, तुमचं तुम्ही करा, माझं मी करते. असं का झालं ते सांगते.

माझा मुलगा कल्याण-शीळ रस्त्यावर खड्डा चुकवताना बाइकवरून पडला. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये त्याची छाती मशीनवर वरखाली होत होती, हात गरम होता आणि डॉक्टर सांगत होते की मेंदू मृत झाला आहे. अवयवदानाबद्दल विचारायला एक बाई आल्या. फार सौम्य बोलल्या. यजमानांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. त्यानंतर जो भेटतो तो ‘केवढं मोठं मन तुमचं’ म्हणतो. मन मोठं वगैरे काही नव्हतं. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते, तेवढीसुद्धा आमच्यात उरली नव्हती.

त्या बाईंनी एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट सांगितली होती. किडन्या, लिव्हर, डोळे कामाला येतील, पण कोणाला मिळाले ते तुम्हाला कळणार नाही, विचारायचंही नाही. मी त्यालाही मान हलवली. नियम शहाणपणाचा आहे हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. मी शाळेत शिक्षिका होते, पटवून देण्यातच माझं आयुष्य गेलं. फक्त नियम करणाऱ्यांनी हे सांगितलं नाही की मग आईने गर्दीत माणसांच्या पोटाकडे बघायचं कसं थांबवायचं.

वर्षभराने मला मंडळात नेलं ते तिथल्या कार्यवाहांनी. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नीला मिळालेली किडनी काही वर्षं चालली, मग त्या गेल्या, आणि त्यांनी उरलेलं आयुष्य अवयवदानाच्या प्रचाराला वाहिलं. डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सभा असते. नऊ वाजले की निम्म्या हॉलचे फोन एकदम वाजतात, कारण ती नवा अवयव टिकवणाऱ्या गोळीची वेळ. पहिल्यांदा मी दचकले होते. पुढे तो आवाज ऐकला की बरं वाटायचं.

त्या पहिल्याच सभेत सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. नाव, अवयव, तारीख. तोंडाला मास्क लावलेला, चाळिशीच्या अलीकडचा एक माणूस उठला. मानपाड्याला राहतो, एमआयडीसीत केमिकल कंपनीत होता, आता डॉक्टरांनी प्लांटवर जायला मनाई केल्यामुळे स्टोअरमध्ये बसतो, किडनी मिळाली, असं म्हणून त्याने तारीख सांगितली. मी उभी राहिले ते मला कळलंच नाही. हॉस्पिटल वेगळं होतं, पण तारीख माझ्या मुलाची होती. मी तसं म्हणाले असणार, कारण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तो खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. कुणीतरी फोटो काढला. कार्यवाहांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, त्या दिवशी सगळ्या मुंबई-ठाण्यात आपलाच मुलगा गेला होता का? मी म्हटलं, तारीख जुळते, अवयव जुळतो, अजून काय पाहिजे? “तारीख जुळली म्हणजे पत्रिका जुळली का?” असं म्हणून ते पुन्हा वाचायला लागले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते मंडळात कधी आले नाहीत.

तो मात्र आमच्या घरी येऊ लागला. रविवारी सभा संपली की कोपर स्टेशनजवळ आमच्याकडे जेवायला. त्याला बाहेरचं चालत नाही, कच्चं चालत नाही, म्हणून मी पाणी उकळून ठेवायची, कोशिंबीर करणं सोडूनच दिलं. वालाचं बिरडं, कोलंबीची खिचडी, वर ओलं खोबरं. तो कोपरापर्यंत हात धुऊन यायचा आणि माझ्या मुलाच्या खुर्चीत बसायचा. ती खुर्ची मीच पुढे करायची. मला तो आई म्हणायचा. राजापूरकडे गावाला त्याची स्वतःची आई होती. फोनवर तिला तो ‘आये’ म्हणायचा आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायची. नरकचतुर्दशीला पहाटे तो मानपाड्याहून आला आणि मी त्याला तेल-उटणं लावलं. एकदा त्याने आपणहून विचारलं, आई, हात लावून बघायचाय का? नवी किडनी पोटात पुढच्या बाजूला, उजवीकडे खाली बसवतात. मी त्याच्या शर्टावरून तिथे तळहात ठेवला. हाताला काही लागलं नाही, तरी मी बराच वेळ हात काढला नाही. तेव्हापासून मी दिवस तारखेने पाळायला लागले. त्याच्या ‘दुसऱ्या वाढदिवसा’चा केक माझ्या घरी कापला गेला आणि मी टाळ्या वाजवल्या.

कार्यवाहांनी आमची जोडीच लावून दिली. हाउसिंग सोसायट्या, गणपती मंडळं, कॉलेजं, जिथे म्हणून माइक आहे तिथे आम्ही दोघं. आधी मी मुलाबद्दल बोलायचं, मग त्याने उठून म्हणायचं की माझी एक आई गावाला आणि एक इथे, दोघींनी मला जन्म दिला. ह्या वाक्याला बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग शाल आणि श्रीफळ. कपाटात शालींचा ढीग झाला आणि नारळ इतके की शेजाऱ्यांनीही नको म्हणायला सुरुवात केली. पण मला त्याचा कंटाळा आला नाही, खोटं कशाला बोलू. त्या वाक्यासाठी मी रिक्षा, उन्हाळा, भाषणं, सगळं सोसलं असतं.

मग एका वर्षी गणपतीनंतर तो जेवायला यायचा बंद झाला. आधी खोकला, मग शिफ्ट, मग रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलंय, म्हणजे किडनी कुरकुरतेय. दिवाळीच्या पहाटे मी उटणं भिजवून बसले आणि यजमान एकदाच म्हणाले, पाणी गार होतंय. दिवाळीनंतर कल्याणच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता. मी बोलले. तो उठला आणि खाली बघत म्हणाला, कुणातरी देवमाणसामुळे मी आज उभा आहे. बस्स. शालसुद्धा न घेता तो मागच्या दाराने निघून गेला.

परतताना कार्यवाहांच्या गाडीत मी मागे बसले होते. पत्रीपुलाच्या अलीकडे गाडी अडकली. मी विचारलं की त्याने वाक्य का बदललं. ते आधी ट्रॅफिकवर बोलले, मग रस्त्याच्या कामावर, मग सांगितलं. तपासणीच्या वेळी एक डॉक्टर बोलण्याच्या ओघात बोलून गेला होता, की किडनी मुळात साठीच्या घरातल्या बाईची आहे, तेव्हा तिला जपून वापरा. नाव सांगितलं नाही, पण तेवढं पुरे होतं. त्याच रात्री आणखी एका घरात कुणीतरी मान हलवली होती. कार्यवाहांना हे कधी कळलं ते मी विचारलं. गणपतीच्या आधी, ते म्हणाले.

म्हणजे गणपतीत सगळ्या मांडवांमध्ये मी मुलाची गोष्ट सांगत होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्या दोघांना माहीत होतं. त्याने थांबवायला सांगितलं होतं म्हणे. कार्यवाहांनीच गळ घातली की कार्यक्रम ठरलेत, निदान विसर्जनापर्यंत बोल. कार्यवाह मला समजावत राहिले, की वहिनी, भावना तर खरी होती ना, आपल्यामुळे किती लोक तयार झाले बघा. आणि मग, गाडी अजून तिथेच उभी असताना, ते म्हणाले की अंबरनाथला लिव्हर मिळालेले एक गृहस्थ आहेत, त्यांची तारीख आपल्या जवळपासची आहे, त्यांच्याशी बोलून बघू का?

“आता लिव्हरला मांडीवर घेऊ का?” मी म्हणाले.

मला उतरून जायचं होतं, पण दोन्ही बाजूंना ट्रक होते, दार उघडायलाही जागा नव्हती. इतका राग मला त्या खड्ड्याचासुद्धा आला नव्हता. मुलगा एकदा गेला तो खड्ड्यामुळे. दुसऱ्यांदा त्याला ह्या भल्या माणसांनी नेलं, तेही हार घालून. आणि कुठेतरी ती खरी दोघं असतील, माझ्या मुलाच्या एकेका किडनीवर जगणारी, त्यांना मंडळ नको असेल, माइक नको असेल, त्या तारखेला आपल्या घरात आपल्या आईबरोबर केक खात असतील. त्यांचाही मला राग आला. एखादा गेलाही असेल, हे मनात आलं आणि मग रागही धड करता येईना.

मी त्याला फोन केला. तो लगेच आला नाही, पण आला. संध्याकाळी दारात उभा राहिला, मास्क लावून. म्हणाला, “काकू, मी आलेलो मागे दोनदा. खालूनच परत गेलो.”

काकू. इतक्या सरळपणे म्हणाला की मला आधी वाटलं माझ्या मागे कोणी उभं आहे. मी त्याला आत बोलावलं. तो आला, पण त्या खुर्चीत बसला नाही, दाराजवळच्या स्टुलावर टेकला. त्याने माफी मागितली, मांडवात खोटं बोलल्याची. मला ती नको होती. मला एकच विचारायचं होतं आणि शाळेत मुलाला फळ्यासमोर उभं करून विचारावं तसंच मी विचारलं.

“इतकी वर्षं आई म्हणत होतास ते मला, की किडनीला?”

त्याने मास्क खाली केला. चिडला नव्हता. खरंच विचार करत होता.

“तुम्ही तरी जेवायला कोणाला वाढत होतात?”

यजमान आतल्या खोलीत होते, त्यांनी रेडिओ बंद केला. ह्या माणसाला बिरडं आवडतं की नाही हे मी त्याला कधीही विचारलं नव्हतं. त्याच्या आईच्या प्रकृतीची चौकशी केली नव्हती. क्रिएटिनिन वाढलं म्हणाला तेव्हा मी घाबरले होते, ती कोणासाठी हे मला चांगलं माहीत होतं.

क्रिएटिनिन आता कसं आहे एवढंच मी विचारलं. थोडं वरच आहे, तो म्हणाला, पुन्हा डायलिसिसवर जायला लागू नये म्हणजे झालं. मग उठला आणि चपला घालायला वाकला. जेवून जा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पान मांडलं असतं तर कोणासाठी मांडायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी म्हणाले नाही. येतो काकू, असं म्हणून तो जिना उतरून गेला.