वऱ्हाडाचे विमान क्रमांक २८

जे हवाई दल कधी अस्तित्वातच नव्हते, त्याची विमाने मी नऊ वर्षे रंगवत आहे. हा छंद आहे आणि तो फालतू आहे, हे आधीच नोंदवतो.

संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याचा एक खेळ असतो. विमानाचा आकार खेळाबरोबर मिळतो. त्यावर चढवायचा रंग मात्र कोणीही तयार करू शकतो. तो एक सपाट कागद असतो, उसवलेल्या सदऱ्यासारखा: पंख एकीकडे, शेपटी दुसरीकडे, पोट मध्ये. त्यावर रंग, खुणा, क्रमांक, तेलाचे ओघळ काढले की खेळ तो कागद विमानावर गुंडाळतो. याला स्किन म्हणतात. खऱ्या हवाई दलांच्या स्किन करणारे लोक वेगळे. आमची जमात ‘झाले असते तर’वाल्यांची. अमुक देश फुटला नसता तर, तमुक संस्थान टिकले असते तर, त्यांची विमाने कशी दिसली असती, ते आम्ही रंगवतो.

या जमातीबद्दल आदर वाटावा असे काही नाही. जगभरातले रिकामे पुरुष एका संकेतस्थळावर जमतात आणि जे विमान कधी उडालेच नाही त्याच्या शेपटीवरचा हिरवा बरोबर की चूक, यावर महिनाभर भांडतात. माझ्या विमानावरच्या वर्तुळाचा व्यास ‘ऐतिहासिकदृष्ट्या अशक्य’ आहे, असे एकाने मला कळवले होते. कोणत्या इतिहासात, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. व्यास बदलला.

पोटासाठी मी बुलढाण्यात एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. तालुक्यांतून आलेल्या मजकुरातली विशेषणे कापणे हे माझे काम. आठवड्याची सुटी मंगळवारी.

अशाच काही मंगळवारी मी वऱ्हाडाचे हवाई दल काढले. वऱ्हाड वेगळे राज्य म्हणून राहिले असते तर, ही कल्पना. एक जुने, छोटे जेट विमान घेतले. पंखावर काळ्या मातीच्या रंगाचे वर्तुळ आणि त्यात फुटलेले पांढरे बोंड. नाकाजवळ क्रमांक २८. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक स्कूटरच्या नंबरपाटीवर हाच आकडा असतो. संकेतस्थळाचा नियम असा की काल्पनिक विमानासोबत त्याचा काल्पनिक इतिहासही द्यायचा. तो मी मराठीत लिहिला. पहिले वाक्य होते: ‘हे सर्व काल्पनिक आहे.’ पुढे संग्रामपूरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी धावपट्टी, कापसाच्या जोरावर उभी राहिलेली वऱ्हाड स्क्वाड्रन, तिचे पराक्रम, वगैरे. अकरा जणांनी ती स्किन उतरवून घेतली. त्यांपैकी दोन मीच होतो.

यानंतर दोन वर्षांनी, एका बुधवारी, कार्यालयात आल्यावर मी आमच्याच अंकाचे चौथे पान उघडले. त्यावर माझे विमान होते.

बातमी चिखली तालुक्यातल्या उंद्रीची होती. हवाई दलातून निवृत्त झालेल्या गावातल्या एका वृद्धाच्या सन्मानार्थ वेशीवर कमान उभारली होती. रविवारी तिचे उद्घाटन आणि त्यांच्या नावाच्या दगडाचे अनावरण होणार होते. वृद्धाचा उल्लेख ‘वऱ्हाड स्क्वाड्रनचे जांबाज वैमानिक’ असा होता. खाली माझा परिच्छेद शब्दशः छापला होता, पहिले वाक्य सोडून. चित्रातले विमान उलटे फिरवलेले होते, त्यामुळे २८ हा आकडा आरशात दिसतो तसा दिसत होता. कमान समितीच्या अध्यक्षांपासून आमच्या टेबलापर्यंत हा मजकूर किमान पाच जणांच्या नजरेखालून गेला असेल. लढाऊ विमानावर कापसाचे बोंड काय करते, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

मी आवृत्तीप्रमुखांकडे गेलो.

“ते चित्र खोटं आहे.”

“कशावरून?”

“मी काढलंय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “कोणी तक्रार केली?”

“नाही.”

“मग दुरुस्ती कोणासाठी छापायची? लेखी तक्रार आणा, चार ओळी देऊ.”

आमच्याकडे ही पद्धत आहे. तक्रार नसेल तर चूक नसते. म्हणून गुरुवारी सकाळी मी स्वतःच्या चुकीविरुद्ध तक्रार आणायला स्कूटरवरून निघालो.

वाटेत चिखलीत फ्लेक्सवाल्याकडे थांबलो. मजकूर आणि चित्र त्यानेच जुळवून दिले होते. त्याला लाज वाटण्याचे कारण दिसत नव्हते.

“भाऊ म्हने, वऱ्हाडातलं इमान पाह्यजे. ‘वऱ्हाड लढाऊ विमान’ टाकलं तं हे एकच आलं.”

“उलटं का केलं?”

“भाऊचा फोटो डाव्या अंगाले हाय ना. इमान काय भाऊकडं पाठ करून उडन?”

हा भाऊ म्हणजे कमान समितीचे अध्यक्ष. वेशीवरच्या फ्लेक्सवर त्यांचा चेहरा विमानापेक्षा मोठा होता. सत्कारमूर्तीचा फोटो खालच्या कोपऱ्यात, साधारण विमानाच्या चाकाएवढा.

सत्कारमूर्ती अंगणात बाजेवर बसले होते. घरावर पंचशील ध्वज, भिंतीला टेकून एक सायकल, खिडकीत ब्रश उभे केलेला डबा. गावात त्यांना फौजी म्हणतात. हवाई दलात ते विमानांवर क्रमांक आणि खुणा रंगवत. आयुष्यात त्यांनी एकदाही विमान उडवले नव्हते आणि उडवल्याचे कोणाला सांगितलेही नव्हते. समितीला त्यांनी तीनदा खरे सांगितले होते. उत्तर मिळाले होते, “काका, तुमी फक्त खुर्चीवर बसा.”

“दगड कोरून झाला,” ते म्हणाले. “मले पायलट करून टाकलं यायनं.”

“तुमची हरकत आहे?”

“रविवारी अकोल्याहून माह्या संगं काम केलेले दोघं येऊन राह्यले. मीच बलावलं, कमानीचं आयकून. आता त्याइच्यासमोर मी त्या दगडापाशी बसू? हासतीन नाही ते. काही बोलनारच नाहीत. थेच वाईट.”

मी लॅपटॉप उघडला आणि सांगितले की हे विमान मी रंगवले आहे. त्यांनी चष्मा लावला.

“तुमी?”

“हो.”

“कशावर उभं राहून?”

“संगणकावर केलं, काका.”

“म्हंजे हाताले रंग लागलाच नाही.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. मला वाटले, बोंडाबद्दल बोलतील, खोट्या स्क्वाड्रनबद्दल बोलतील. त्यांचे बोट पंखाच्या मुळाशी होते. तिथे मी इंग्रजीत ‘नो स्टेप’ लिहिले होते. इथे पाय देऊ नका, अशी सूचना खऱ्या विमानांवर नाजूक पत्र्याच्या जागी लिहिलेली असते.

“हे इथं काऊन लेयलं?”

“बरं दिसलं म्हणून.”

“इथूनच तं चढते मानूस! इथं पाय द्याचा नाही तं पायलट काय झाडावरून उडी मारून बसन?”

बाजेच्या पायथ्याशी बसलेली त्यांची सून हसली. ते हसले नाहीत. बोट पुढे सरकले.

“दोन आन् आठ मंधात बैल जाईन येवढी जागा. आठाचं वरचं पोट मोठं, म्हनून तो पडून राह्यला. आन् हे बोंड पाहून कळते का तुमी कापूस कधी वेचला नाही.”

नऊ वर्षांत माझ्या कामावर शेकड्याने शेरे आले. विमानाला हात लावलेल्या माणसाचा हा पहिला. त्यात तिरस्कार होता आणि तो योग्य जागी होता.

तक्रार त्यांनी स्वतः लिहिली. आधी पट्टीने हलक्या रेघा आखल्या, मग एकेक अक्षर सुटे काढले. तीन वाक्यांना सव्वा तास लागला. ‘मी वैमानिक नाही. मी विमानांवर क्रमांक घालत होतो. हे छापावे.’ खाली सही, तीही सुटी.

“हे छापलं तर कमान जाईल,” मी म्हणालो.

“जाऊ द्या. दोघं येनार हायत ना.”

शुक्रवारी सहाव्या पानावर, निविदांच्या खाली, चार ओळी आल्या. त्या मीच लिहिल्या: सदर गृहस्थ वैमानिक नसून विमानांवर क्रमांक व खुणा रंगवण्याचे काम करत, सोबतचे चित्र काल्पनिक विमानाचे होते. दिलगिरीचा शब्द मी घातला होता, प्रमुखांनी तो काढला. जागा नव्हती.

दहा वाजता अध्यक्षांचा फोन आला.

“काय पत्रकार साहेब, गावातला मानूस मोठा होऊन राह्यला तं तुमच्या पोटात काऊन दुखते?”

“तक्रार त्यांचीच आहे.”

“त्याले काय कळते! पायलटची कमान होते. रंगाऱ्याची कमान कोनी पाह्यली काय आजलोक?”

“नाही.”

“मंग!” ते म्हणाले आणि वाद जिंकल्यासारखा फोन ठेवला.

पुढच्या घडामोडी एका दिवसात झाल्या. प्रमुख पाहुण्यांना वादात पडायचे नव्हते, त्यांनी तब्येतीचे कारण दिले. पाहुणे नाहीत म्हणून उद्घाटन रद्द झाले. उद्घाटन नाही म्हणून दगड नको झाला. समितीतल्या एकाही माणसाने असे सुचवले नाही की दगडावरचा एक शब्द बदलावा आणि माणूस तोच ठेवावा.

दरम्यान मी स्किन दुरुस्त केली होती. ‘नो स्टेप’ योग्य जागी नेले, आठाचे वरचे पोट लहान केले आणि गुरुवारीच सुधारित प्रत संकेतस्थळावर चढवली. शनिवारी तिथल्या एका जाणकाराचा शेरा आला: आधीची जागा अधिक विश्वसनीय वाटत होती. त्याखाली आणखी चौघांनी सहमती नोंदवली. हे चौघे आयुष्यात कधी विमानाच्या पंखावर उभे राहिले नसणार. उभे राहिले तर चुकीच्या जागी राहतील.

रविवारी माझे उंद्रीत काही काम नव्हते. चार ओळींनी एका माणसाची कमान काढून घेतली होती. त्याचे पुढे काय झाले हे पाहावे, एवढ्यासाठी गेलो.

कमान जागेवर होती. तिच्यावर आता अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. वाढदिवसाला अजून दोन आठवडे अवकाश होता. जुन्याच फ्लेक्सची मांडणी वापरली होती. खालच्या कोपऱ्यातला वृद्धाचा फोटो काढून टाकला होता, विमान मात्र ठेवले होते. वऱ्हाडाचे विमान क्रमांक २८, उलट्या आकड्यासह, अध्यक्षांकडे तोंड करून त्यांना शुभेच्छा देत होते.

दगड फौजींच्या गल्लीच्या तोंडाशी सापडला. तिथे नालीवर फरशी नव्हती. चांगला दगड वाया जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीच्या माणसाने शनिवारी तो नालीवर पालथा टाकला होता. कोरलेली बाजू खाली, पाण्याकडे. ‘जांबाज वैमानिक’ हे शब्द आता सांडपाण्याला दिसत होते. माझ्या व्यवसायात इतक्या नेमक्या जागी गेलेला मजकूर मी क्वचित पाहिला आहे.

वरच्या कोऱ्या बाजूवर पिवळ्या रंगात इंग्रजी अक्षरे होती: नो स्टेप. चार बोटे उंच, कडा धारदार, प्रत्येक दोन अक्षरांमधली जागा सारखी. रंग ओला होता. फौजी बाजेवर बसून चिंधीने बोटे पुसत होते.

“हा दगड पाय द्यायलाच टाकलाय ना?” मी विचारले.

“टाकनाऱ्यानं त्याच्यासाठीच टाकला,” ते म्हणाले. “खाली नाव माह्यं हाय.”

गाव पाय देऊनच जात होते. दूधवाला गेला, किराणा घेऊन एक बाई गेली, समितीचे एक सदस्य गेले. सदस्य पदवीधर आहेत. त्यांनी खाली पाहिले, वाचले आणि पाय दिला. पिवळे ठसे कमानीच्या दिशेने गेले. फौजी दरवेळी उठत, वाकून बिघडलेली कड ब्रशने सरळ करत आणि परत येऊन बसत.

बारानंतर एस.टी.तून अकोल्याचे दोघे उतरले. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात मिठाईचा पुडा. कमानीखालून ते वर न पाहता आले. गल्लीच्या तोंडाशी काठीवाला थांबला आणि त्याने दुसऱ्याला हाताने अडवले. दोघे खाली पाहत उभे राहिले. मग काठीवाल्याने सोबत्याच्या खांद्यावर भार दिला, धोतर आवरले आणि दगडाला न शिवता, बाजूच्या उघड्या नालीवरून ढांग टाकून अलीकडे आला. दुसराही तसाच आला. पुडा नालीत पडता पडता वाचला.

“काय बे,” काठीवाला अंगणाच्या कडेवरून ओरडला, “स्टेपचा यस अजून तसाच काढतं? खालचं पोट मोठं?”

“मोठंच पाह्यजे,” फौजी म्हणाले. “नाही तं पडल्यासारखा दिसते.”

“हाव. थे तं हाय.”

सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. कमान कोणाची, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.