खाणीचे कपडे

विमानतळावर आत जायच्या आधी आईनं माझी ओढणी धरून सांगितलं होतं, "खाणीचे कपडे वेगळे भिजवजो वं. घरच्या कपड्यायत टाकू नको." मी इंजिनियर म्हणून अमेरिकेला चालले होते आणि हिला धुण्याची पडली होती! मी हसले. मागे राहिलेल्यांनो, माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, ते हसणं आठवलं की आज माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

आमची इथली, अमेरिकेतली खाण वाळवंटात आहे. तिथल्या दगडातून बेरिलियम काढतात. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलका धातू, अंतराळातल्या थंडीतही आकार सोडत नाही, म्हणून दुर्बिणींचे आरसे त्याचे करतात. पण त्याची धूळ फुप्फुसं खाते. शिफ्ट संपली की कामाचे कपडे तिथंच उतरवायचे, अंघोळ करायची, मगच घरी. कपडे कंपनी धुते. पहिल्याच दिवशी ट्रेनिंगवाली बाई अगदी सहज म्हणाली, कपडे घरी नेले तर धुणारं माणूस आजारी पडतं. 

माझे बाबा पारशिवनीकडे मँगनीजच्या खाणीत होते. काळेठिक्कर होऊन घरी यायचे. आई त्यांचा शर्ट अंगणात जोरजोरात झटकायची, मग दगडावर आपटायची. वर्षानुवर्षं हेच. बाबा गेले. आई आता शहरात, नंदनवन वस्तीत माझ्या भावाकडे असते आणि न्हाणीपर्यंत जातानाही मध्येच टेकते. डॉक्टरांनी विचारलं, "खाणीत काम केलं होतं का?" ही म्हणाली, "नाही जी, मी तं घरीच होती." झालं! वयामुळे दम लागतो म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

आभाळ बघायच्या आरशासाठी माझी छाती एवढी जपतात. बाबांच्या खाणीनं अंघोळीला साधा नळ दिला नाही. आग लागो त्या खाणीला!

परवा फोनवर मी आईला सगळं सांगून टाकलं.  ती धापा टाकत म्हणाली, "तवा काहून नाही सांगतलं वं कोनी? तुहे बाबा तिथंच आंघोळ करून आले असते."

आले असते. नक्की आले असते.

इथल्या माझ्या घरात खाणीचा कणही येत नाही. पण घर म्हटलं की मला तेच अंगण दिसतं. आई शर्ट झटकत असते आणि मी इथून ओरडत असते, फेक तो शर्ट, आई, फेक ना वं!